भिंतीवरची दहीवाली

तीर्थरूप मथुरावन्सं यांच्या चरणी वारज्याहून तुमच्या वहिनीचा, शालनचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळता ना? इकडे ह्यांना (म्हणजे तुमच्या धाकट्या भावाला) बी.पी. आहे, मला शुगर आहे आणि घरात सवत आहे. बाकी सगळं क्षेम. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू जायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं, आणि हे दिवसभर हॉलमध्येच बसून असतात. का बसून असतात तेच सांगायला हे पत्र.

मध्यंतरी मी ह्यांना मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला बुधवार पेठेत पाठवलं. भांडं घेऊन गेले आणि चित्रं घेऊन आले (भांडं कुठल्या दुकानात राहिलं ते अजून आठवत नाही). इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं म्हणे रस्त्यावर माल विकणारी माणसं समोर बसवून काढली होती, त्या चित्रांच्या ह्या छापील प्रती. घोंगडीवाला, कासार, तेली, मडकी विकणारा, आणि एक दहीवाली. आमची सूनबाई ऋतुजा कंपनीतून दमून येते, पण मत द्यायला कधी दमत नाही. ती म्हणाली, "बाबा, किती ऑथेंटिक! हॉलमध्येच लावू या." लावली. भिंत पुरेना म्हणून आमचा लग्नातला फोटो कपाटामागे गेला.

तेली-कासारांबद्दल माझी तक्रार नाही. पण ही दहीवाली! डोक्यावर एकावर एक गाडगी, एक हात कमरेवर, नाकात नथ (दही विकायला नथ घालून कोण जातं, वन्सं?). हे खुर्ची वळवून तिच्यासमोर बसतात. घरी येईल त्याला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, दाखवतात, "मान बघा. एवढं ओझं, पण मान कशी ताठ!" आता मला सांगा, लग्न होऊन आले तेव्हापासून आपली जमीन इमारतींखाली जाईपर्यंत गवारीची पाटी डोक्यावर घेऊन शेतातून रस्त्यापर्यंत कोण यायचं? तिथून टेम्पोत बसून मार्केट यार्डला कोण जायचं? माझी मान काय तेव्हा खुंटीला टांगलेली होती? जळते म्हणाल तर जळते. कागदावरच्या बाईवर जळते, तेही लिहून देते.

मग मला एक युक्ती सुचली (इथून माझे ग्रह फिरले). सासूबाईंच्या फोटोचा जुना चंदनाचा हार माळ्यावर पडला होता, तो काढून मी तिच्या फ्रेमला घातला. हेतू एवढाच, की बाई कधीच गेलेली आहे हे ह्यांच्या डोळ्यांसमोर राहावं. तर दुसऱ्याच दिवशी तुमचे चुलतभाऊ रणजितभावजी चहाला आले. (आपल्या जुन्या गोठ्याच्या जागेवर मंगल कार्यालय काढलंय तेच.) हार दिसताच त्यांनी कपाची वाट न बघता हात जोडले. "संपतदादा, ही कोण?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. हार घातलेल्या बाईला 'कुणी नाही' म्हणायचं तरी कसं? हे म्हणाले, "आपली पणजी."

"मग आमची बी पणजीच हाय की! एकट्याच्याच घरात ठेवली व्हय?" भावजी रुसले. त्यांचं रुसणं काढायचं म्हणून ह्यांनी यंदाचा पितृपक्षातला म्हाळ आपल्याच घरी, पणजीसमोर घालायचं कबूल केलं. मला न विचारता. म्हणजे कालची सवत माझ्या आजेसासूची सासू होऊन बसली, आणि बाजारात निघाले तरी आता तिच्या पाया पडून निघावं लागतं. सगळी भावकी जेवायला. खीर, कढी, वडे, अळूवड्या, कारल्याची भाजी, सगळं मी एकटीनं रांधलं. गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा काही शिवेना. भावजी म्हणाले, "पणजीची कायतरी इच्छा ऱ्हायलीय." सगळे हात जोडून उभे, खाली पंगत खोळंबलेली. मी वैतागून (भक्तीनं नव्हे, नीट वाचा, वैतागून) पानावर चमचाभर दही वाढलं. कावळ्यानं झडपच घातली! भावकीतल्या बायकांनी तिथल्या तिथे पदर डोक्यावर घेतले. आता तिला पणजी नाही म्हणायची माझी काय छाती आहे?

असो. माझं मन मोकळं झालं. जिने चढू नका, आणि पत्र वाचून झाल्यावर भावाला फोन करू नका.

तुमची वहिनी,
शालन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. भावकीत तुमच्याइतकं मोठं आता कुणी उरलं नाही. तुम्ही येऊन चारचौघांत एकदाच म्हणा, "ही आपली पणजी नव्हे." तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. गाडी पाठवते.

आणखी ता. क. येऊ नका. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात हॉलमधून ह्यांचं बोलणं कानावर आलं. भावजींना सांगत होते, "ही काहीच नाही रे. आमची शालन बांधावरून दोन्ही हात सोडून पाटी आणायची. मी विहिरीवरची मोटार बंद करून बघत उभा राहायचो." वन्सं, आणि मला सांगायचे, लाईट गेली होती! मी दाराआड उभी राहून पदरानं डोळे पुसले. राहू दे बाई ती भिंतीवर. तिचं काय एवढं!

शेवटचा ता. क. आत्ता ऋतुजाला हे सांगायला गेले, तर ती म्हणते, "अहो आई, तुम्ही झोपल्यावर बाबा रोज त्या चित्रासमोर बसून तिला हेच तर सांगत असतात." म्हणजे माझं कौतुक माझ्याआधी त्या दहीवालीनं ऐकलं! याच तुम्ही, वन्सं. पहिल्या गाडीनं या.