बायकांच्या मापाचा रकाना

मिनियापोलिस, ६ फेब्रुवारी २००६

ती. मार्लिसमावशीस, ब्रिटाचा सा. न. वि. वि.

तू धाडलेला धुरी दिलेला मासा पोचला. दोन दिवस माझ्या घराला तुझ्या घरासारखा वास होता!

सोबत बारा शर्ट आहेत, नेहमीसारखे आमच्या अंगाचे करून दे. छातीवरचं ड्रॅगनचं चित्र मी काढलंय, तेव्हा जपून काप. आम्ही खेळायला जमतो त्या दुकानाने यंदाही फक्त पुरुषांच्या मापात छापले. मेच्या मेळाव्यात ज्याला फाशांच्या खेळाचं टेबल चालवायचंय, त्याने हाच शर्ट घालायचा. मालकाला, ड्वेनला, म्हटलं की आम्हा बायकांच्या मापाचेही काढ. त्याने सात वर्षांच्या विक्रीची नोंद पुढे केली. बायकांच्या रकान्यात सगळी शून्यं. म्हणाला, बायका घेतच नाहीत तर छापू कुणासाठी? एकदा आणले होते ते गुलाबी आणि आखूड, माझा दंडसुद्धा शिरला नसता.

आमच्या गुरुवारच्या टेबलावर नव्या आलेल्या चौघी सोडून गेल्या. कमरेला होईल तो घेतला की गळा खांद्यावरून घसरतो, आणि येणारा-जाणारा विचारतो, नवऱ्याचा शर्ट का? रोझान म्हणते, पुरुष शर्ट अंगात घालून मोकळे, आपण महिनाभर तुझ्या मावशीची वाट बघायची, म्हणजे आपण इथे पाहुण्याच. तीही गेली तर टेबल मोडलंच. घटस्फोटानंतर मला त्या गुरुवारशिवाय दुसरं आहे काय? फार घाबरलेय गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ब्रिटा

डुलुथ, १५ फेब्रुवारी

चि. ब्रिटास अनेक आशीर्वाद.

वासाबद्दल तू बोलू नयेस, लहानपणी ओलं कुत्रं अंथरुणात घ्यायचीस.

ती शून्यं वाचली आणि कात्री खाली ठेवली. अगं वेडे, रकाना कोरा राहणारच! तुम्ही पुरुषांचा शर्ट घेता, तो पुरुषांच्या रकान्यात जातो. मग मी बाजूला कापडाच्या कळ्या घालून, गळा आवळून तो बाईचा करते. ड्वेनच्या लेखी तुम्ही सगळ्या बाप्येच. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुमची सोय बघता बघता मीच तुम्हाला नोंदीतून पुसलं.

त्याला चार पानी पत्र टाकलंय. सात वर्षांत ब्याण्णव शर्ट शिवले, कुणाचा, कुठल्या मापाचा, सगळं लिहिलंय. माणूस असेल तर लाजेल. त्याचं उत्तर येईतोवर तुझे बारा तसेच ठेवते. धीर धर, आणि आठवण ठेव.

तुझी मावशी मार्लिस

मिनियापोलिस, २७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

ड्वेनने तुझं पत्र गल्ल्याशी उभं राहून सगळ्यांसमोर वाचलं. लाजला नाही, खूश झाला! म्हणाला, मग अडलंय कुठे, डुलुथला मावशी आहेच की. आणि तुझा पत्ता ठळक अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवला, की बायकांनी शर्ट इथे धाडावेत. मी फाडला तर त्याने दुसरा लावला.

रोझानने तिचे फासे माझ्या हातात ठेवले आणि गेली. बाकीच्याही येईनाशा झाल्या. या गुरुवारी मी दीड तास एकटीच टेबलाशी बसून होते. आता तिथे पाऊल टाकवत नाही.

तुझ्या पाया पडते, यापुढे एकही शर्ट शिवू नकोस. माझा नाही, कुणाचाच नाही. आमचे बारा न कापता परत धाड. मी ते त्याला परत करणार आहे. निदान एकदा तरी पुरुषांच्या रकान्यात बारा कमी भरू देत.

रागावू नकोस.
तुझी ब्रिटा

डुलुथ, ८ मार्च

चि. ब्रिटास अनेक आशीर्वाद.

बारा शर्ट न कापता टपालात टाकलेत. ड्वेनच्या त्या कागदामुळे अनोळखी बायकांची नऊ पार्सलं आली होती, तीही परत केली. एकीने लिहिलं होतं, की मुलगी सोळाची होतेय, तिला आकाशगंगेचा शर्ट हवाय, तेवढा तिच्या अंगाचा करून द्या. ते पार्सल बांधताना रडले. तू म्हणतेस तेच खरं, माझ्या टाक्यांवर त्या लोकांचं फावतं. मी शिवणार नाही.

तरी एक सांगते. तुझे काका गेल्यापासून या दारात पोस्टमन यायचा तो तुमच्या शर्टांमुळे. घडीत चिठ्ठ्या असायच्या, कुणाला बाळ झालं, कुणी नोकरी सोडली. काल मशीनवर झाकण घातलं आणि दुपारपर्यंत काय करावं सुचेना. तूसुद्धा कधी शर्टांवाचून नुसतं पत्र धाडलेलं मला आठवत नाही. आता धाडशील का, हे विचारायचीही भीती वाटते, म्हणून विचारत नाही.

माझा पत्ता तोच आहे.
तुझी मावशी मार्लिस