फुलांसमोरची जागा

३ मार्च
आजपासून मी ताईच्या नर्सरीत! आई गेल्यापासूनचा पाच वर्षांचा अबोला शेवटी तिनेच मोडला. फुललेल्या कुंड्यांचे फोटो तुझ्याइतके छान कुणाला जमणार, येऊन राहाच, म्हणाली. ताईच्या तोंडून कौतुक! मी दहा मिनिटांत बॅग भरली. खोली काचघराला लागूनच आहे. कामाची रीत सोपी: फोटो ऐसपैस काढायचा, मग कॉम्प्युटरवर कडा कापून कुंडी तेवढी ठेवायची. आधीची फोटोवाली न सांगताच निघून गेली म्हणे. तिच्या चपला अजून दाराशी आहेत. वेंधळीच दिसते.

५ मार्च
जिरॅनियमपासून सुरुवात केली. खिडकीचा उजेड, मागे राखाडी पडदा. कुंडी मधोमध ठेवायची नाही, फुलांची तोंडं ज्या बाजूला, तिकडे त्यांच्यासमोर थोडी जागा सोडायची, हे ताईलाही शिकवलं. शेजारची शेवंती कडेने डोकावत होती, तिला कापून टाकलं. ताई भलतीच खूश, चहासुद्धा स्वतः केला. आईचा पांढरा गुलाब तिने अजून जपलाय, त्याच काठ फुटलेल्या कुंडीत. मागच्या वर्षी गच्च फुलला होता म्हणे, आता पुन्हा वाळत चाललाय. त्याच्याकडे बघताना ताईचे डोळे भरून येतात.

६ मार्च
शेवंती एका रात्रीत जळून गेली. जिरॅनियमला मात्र दुप्पट फुलं. कुणीतरी पाणी घालायला विसरलं असेल.

९ मार्च
काल पिटुनियाच्या फोटोत मांजराची शेपटी आली होती. मी कापली, म्हणजे फोटोतून. आज मांजराला शेपटीच नाही. जखम नाही, रक्त नाही. बिचारं वळून वळून शोधतंय. पिटुनिया कुंडीबाहेर ओसंडतेय. ताईला सांगितलं तर ती हसली, लहानपणापासूनची भित्री तू, म्हणाली. मग मला जवळ घेतलं. आईच्या गुलाबाशेजारी उभं करून तिने माझा फोटो काढला. मला रडूच आलं. आता कुठे माझी ताई परत मिळाली.

१० मार्च
जुने न कापलेले फोटो सापडले. शेवटच्यात आधीची फोटोवाली. अनवाणी. आईच्या गुलाबाची कुंडी धरून उभी, हसतेय.
कापलेल्या फोटोत नुसता गुलाब. गच्च फुललेला. कुंडीवर चार बोटं राहिलीत.

११ मार्च, सकाळ
दार बाहेरून बंद. कॅमेरा ताईकडेच. काचेपलीकडे ती माझा फोटो उघडून बसलीय. मी काच बडवली. वर न बघता म्हणाली, आईच्या हातचं झाड आहे गं, जगायला नको का?
आणि मी? मी आईची नाही? केसाने गळा कापलास, ताई. त्यापेक्षा अबोला बरा होता.

थोड्या वेळाने
डावा हात कोपरापर्यंत— दुखत नाही. नुसता नाही.
गुलाबाला कळी आलीय. इथून दिसते.

खांदा—
एकदा तरी बघ ना माझ्याकडे

ती थांबली. स्क्रीनपासून जरा मागे सरून बघतेय. फुलांसमोर जागा सोडायची, मीच शिकवलं होतं. फोटोत मी तिथेच तर उभी आहे. तेवढ्या जागेत कदाचित मी—