गणिताच्या जागी भूगोल

३ जून

मोनिका गणित सोडणार म्हणते!

मी भाकरी थापत होते. पाठीमागून आवाज आला – "आई, अकरावीला पीसीबी घेऊन राह्यले मी. गणिताच्या जागी भूगोल." जणू वांग्याऐवजी बटाटा आणायचा आहे. हात धुऊन वळेपर्यंत ती बाहेर गेली होती.

दहावीला गणितात शंभरात एक्क्याऐंशी आहेत तिला. जमत नाही म्हणायची सोय नाही.

हे असते तर काय म्हणाले असते? कागदालाच विचारते. घरात त्यांचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. दोन वर्षं झाली, अजून होतात.

५ जून

धाकटे दीर आले होते, बिभीषण भाऊजी. विषय निघालाच.

"वहिनी, पोरीच्या डोक्याला ताप कशाला? बायोलॉजी घेऊन नर्सिंगला लागून जाईल. गणित घेऊन काय रॉकेट उडवायचंय?"

मोनिका खो खो हसली. मी म्हणाले, "बायोलॉजी घेऊ द्या की. संगं गणित बी घेऊ द्या. दोन्ही घेता येतं म्हणे."

"दोन्ही? बिलकुल न्हाई! वझ्यानं वाकल पोरगी."

मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर तंबाखू मळत होते. ते बोलतात कमी, पण लेकाला सोडत नाहीत. "तू तर एक बी घेतलं न्हवतं बिभीषण. तरी वाकलाच."

भाऊजींनी चहा अर्धा ठेवला!

८ जून

काल रात्री तिला समजावायला गेले आणि नीट बोलताच आलं नाही. इथं लिहून बघते.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचन माझं मी केलं. आधी पुडीचे कागद, मग जाफराबादच्या वाचनालयातली पुस्तकं. वाचनाचं बरं असतं. कोणत्याही वयात सुरू करा. एखादा शब्द अडला तर सोडून पुढं जा, चार पानांनी तो आपोआप ओळखीचा होतो.

गणित तसं वागत नाही. आता ताऱ्यांवरचं पुस्तक आणलंय. मजेत वाचत जाते आणि मधेच एक पान येतं, नुसती चिन्हं. तिथं अंदाज चालत नाही. मधल्या पायऱ्या कोणीतरी, ठरलेल्या वयात, हात धरून चढवलेल्या लागतात. मी ते पान उलटते. पुस्तक कळतं, पण ऐकीव गोष्टीसारखं. तारा एवढा लांब आहे – कशावरून? ते त्या पानावर लिहिलेलं असतं.

एकदा ह्यांना विचारलं होतं, क्ष म्हणजे काय हो? म्हणाले, "जे अजून माहीत न्हाई, त्याला आधीच दिलेलं नाव." मला फार आवडलं होतं. पुढचं विचारायचं राहून गेलं.

सोळाव्या वर्षी कोणाला ठाऊक असतं पुढं कशाची ओढ लागेल? तिथं गेल्यावर म्हणतील, बारावीचं गणित पाहिजे. तेव्हा परत येऊन अकरावीच्या बाकावर बसता येत नाही. तिनं इंजिनियरच व्हावं असं माझं काही नाही. निवडायची वेळ येईल तेव्हा निवडता यावं.

हे तोंडानं बोलले तेव्हा एवढंच निघालं – "घे गं बाई, कामाला येतं." ती म्हणाली, "कोणत्या?"

१३ जून

सोयाबीनचं घरचं बियाणं तपासलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. आज उघडलं तर नव्वदच्या वर उगवलेले! मामा खूश. पेरायला मोकळे.

मोनिका वाकून बघत होती. "आई, दाणे कसे घेतले होते?"

"कसे म्हणजे? पोत्यातून."

"घेऊन दाखव."

मी पोत्यात हात घातला. घातला आणि माझ्याच ध्यानात आलं. हात आपोआप टपोरा दाणा उचलतो! बारका, सुरकुतलेला बोटांतून खाली. इतकी वर्षं डाळ-तांदूळ निवडून हाताला तेच वळण. निवडायचं नव्हतं, तरी निवडलं.

तिनं डोळे मिटले. सगळ्या पोत्यांतून – वरून, मधून, तळातून – मूठ मूठ घेतली. सगळं कालवलं आणि त्यातून न बघता शंभर मोजून दुसऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळले. मामा म्हणाले, "आंधळी कोशिंबीर लावलीय का गं?"

"आंधळीच बरोबर असते, आजोबा."

१४ जून

शेजारचे पेरून राह्यलेत. मामा सारखे गोणपाटाकडं बघतात.

१८ जून

दुसऱ्या गोणपाटात साठसुद्धा उगवले नाहीत.

मामा बराच वेळ खाली बसून मोजत राहिले. मग म्हणाले, "बियाणं जास्ती टाकावं लागल. पोरीनं वाचवलं." पहिल्या तपासणीवर पेरलं असतं तर रान मोकळं राहिलं असतं आणि आम्ही पावसाला शिव्या दिल्या असत्या.

मी म्हटलं, "बघ, हे गणित."

"ह्याला काय गणित म्हणतेस! साधी अक्कल आहे."

"मला होती का मंग?"

ती गोणपाट झटकत राहिली. नंतर माझ्याकडं न बघता बोलली. हे एमआयडीसीत कामाला होते, तिथंच राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मोनिका आठवडाभराची गणितं सोडवून ठेवायची, त्यांना दाखवायला. मला वाटायचं, अभ्यास घेतात.

"चुकलं तर काही वाटत न्हाई आई. पुन्हा करते. बरोबर आलं की मंग... बरोबर आलं की शनिवारची वाट बघायला लागते."

मी तिच्या हातातलं गोणपाट घेतलं आणि वाळत घातलं.

१९ जून

रात्रभर तेच डोक्यात. एक्क्याऐंशी मार्क काढताना पोरीला किती वेळा असं झालं असेल! आणि मी पेढे वाटले.

सोड म्हणावं का तिला? दुखतं तिथं हात लावू नये, असं मीच करत आले. त्यांचा आवडता ठेचा दोन वर्षांत घरात झाला नाही. पण ठेचा न खाल्ल्यानं माझं काही अडत नाही. तिचं अडेल.

सकाळी एवढंच म्हणाले, "अवघड जातं म्हणून सोडलं तर मी काही म्हणणार न्हाई. पप्पांमुळं सोडू नको. त्यांना ते आवडलं नसतं."

"माहितीय," म्हणाली. आणि मग – "मला ते आवडतं आई. तोच तर तरास आहे."

२ जुलै

जाफराबादला प्रवेश पक्का करायला गेलो. जीपमध्ये मोनिकानं स्वतःहून सांगितलं, "दोन्ही घेते." मी खिडकीबाहेर बघत बसले, डोळे दिसू नयेत म्हणून.

कॉलेजच्या खिडकीवर तातेराव म्हणून कारकून. भला माणूस. म्हणाला, "ताई, गणिताला यंदा पोरंच न्हाईत. सगळ्यांनी सोडलं. तुकडी चालणार न्हाई. गणितच पाहिजे तर जालन्याला टाका, होस्टेलवर. इथं भूगोल आहे."

मोनिका पटकन म्हणाली, "भूगोल चालल."

"थांब."

"आई, तुझ्याजवळ कोण राहील? आजोबांचं कोण बघल? चालल म्हणते ना मी!"

तातेराव बरा. "उद्या या," म्हणाला आणि खिडकी ओढून घेतली.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. क्षणभर नव्हे, अख्ख्या परतीच्या रस्त्याला. पोर घरी राहील, संध्याकाळी दिवा लावायला असेल. मनात कारणंही तयार झाली – होस्टेलचं जेवण कसं असेल, शहराचं वातावरण, भूगोल काय वाईट विषय आहे? एकेक कारण कसं टपोरं!

घर आलं तेव्हा माझ्याच ध्यानात आलं, मी काय निवडून राह्यले ते.

मामांना सगळं सांगितलं. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी नको म्हणावं असंही वाटलं. ते म्हणाले, "मला भाकरी तू घालतेस का ती?"

१४ जुलै

जालन्याची जीप सकाळीच भरली. मोनिकाला मागची सीट मिळाली, मांडीवर पिशवी. मागं वळून बघू नको, असं मीच तिला बजावलं होतं.

तिनं ऐकलं.