विहिरीतली दाढ

५ फेब्रु. १९७३, सोम.
दवाखाना बंद करताना कोल्हारचा ज्ञानदेव आला. त्याच्या आईची कवळी मीच केलेली. पोत्यात मातीने लडबडलेलं धोंड्याएवढं हाड. विहीर खोल करताना लागलं. गडी म्हणतात राक्षसाचं. कुणी खाली उतरेना. नदी कोरडी. "साफ करून सांगा डाक्टरसाहेब, कशाचं हाय. तुमचं ऐकत्याल." नाही म्हणायला हवं होतं. दिवसभर दाढा उपटून हात गळालेत.

७ फेब्रु.
माती सिमेंटसारखी. छिन्नीने हाडाचाच टवका उडाला. थांबलो. माळ्यावरून वाऱ्याचं मशीन काढलं. मिशनचे अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत जाताना देऊन गेलेले. वाऱ्याच्या झोतात बारीक पूड मारून दात कोरायचा. पेशंट गुदमरायचे, म्हणून पडून. कॉम्प्रेसर चालू झाला, नवलच.

८ फेब्रु.
दात कोरायची पूड फार कडक, हाड खाते. खाण्याचा सोडा वस्त्रगाळ करून भरला. झोत तिरपा धरला की माती तेवढी उडते. पण किती हळू. तोंडाला ओला रुमाल, तरी घसा खारट. सुशीलाचं म्हणणं, धुवायला पाणी नाही आणि तुम्ही घराची गिरणी केलीत. खरं आहे.

११ फेब्रु., रवि.
चर्चला गेलो नाही. खोकला. दुपारी सगळी माती सुटली. हाड नव्हे, दाढ. पाट्याला टाकी लावल्यासारख्या आडव्या रांगा. हत्ती. कोल्हारात हत्ती, कोण जाणे कधीचा. बराच वेळ नुसता बघत बसलो.

१३ फेब्रु.
ज्ञा. घेऊन गेला. हत्तीची आहे, भिऊ नका म्हणून सांगितलं. खुशीत होता.

१९ फेब्रु., सोम.
ज्ञा. परत. हत्ती म्हटल्यावर गावाने गणपती केला. विहिरीच्या काठावर मांडून शेंदूर, नारळ. आधी भीतीने उतरत नव्हते, आता पाप लागेल म्हणून. "तुमी येऊन सांगा, देव न्हाई म्हणून." मी ख्रिस्ती माणूस, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याला तसं म्हणालो. इतकी साफ केली नसती तर...

२४ फेब्रु., शनि.
राहवेना. सकाळच्या एसटीने कोल्हार. दाढ शेंदरात बुजलेली, रांगा दिसत नाहीत. गडी लांब बाभळीखाली बसलेले. विहिरीत ज्ञा. एकटा खणतोय, वर बायको आणि आई दोराने मातीची पाटी ओढतायत. कुणाला काही सांगितलं नाही. वाकून विचारलं, पाणी?
"ओल हाय," खालून आवाज आला.
कोट काढून ठेवला आणि म्हातारीच्या मागे दोर धरला.