राजवाड्यातला पहिला मान

२९ मार्च

आज संध्याकाळी ऊन थेट दिवाणखान्यात! दिवाणखाना म्हणायचं आपलं – छप्पर कधीच गेलं, आत माझी सुपारीची झाडं उभी आहेत. इथे बसून पोर्तुगीज कप्तान गलबतांना परवाने द्यायचा. साम्राज्य केवढं! पण त्यांचा राजा एकदाही इथे आला नाही. त्याच्यासाठी बांधलेल्या खिडक्या अजून समुद्राकडे बघत बसल्यात.

चौथीतली कविता मोठ्याने म्हटली. शेवटचं कडवं आठवेना. बायको, केसर, आज असती तर स्वयंपाकघरातून पुरं केलं असतं.

३१ मार्च

विनेशचा फोन. बाबा, पनवेलला या, इमारतीला लिफ्ट आहे. असेल. लिफ्टमधून उतरून कुणाकडे जायचं?

२ एप्रिल

धर्मा आला. गावदेवाच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा त्याचा. म्हणाला, राजवाड्याच्या कमानीला भेग पडलीय, लोक म्हणतात यंदा पालखी खाडीच्या रस्त्याने न्यायची.

म्हणजे माझ्या घरी नाही!

त्याला सगळा इतिहास सांगितला. फिरंगी गेले, राजवाडा ओस पडला. जागा ओसाड राहू नये म्हणून गावाने आत घरं वसवली, देव कमानीतून आत आणला, आमच्या पूर्वजांच्या ओटीवर बसवला. तेव्हापासून पहिला मान या घराचा. आता आत घर उरलंय ते हे एकच. वर्षातून त्या एका दिवशी अंगण माणसांनी भरतं.

धर्माने सगळं ऐकलं. "अण्णा, पोर्तुगालचा राजाच येनार हाय असं सांगताव. देवाला इचारू की."

५ एप्रिल

देवळात कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या ठेवल्या – उजवी पडली! म्हणजे कमानीतूनच यायचं. धर्मा हसून म्हणाला, आता चहाचं बघा. कमानीबाहेरच्या सत्यवतीकडून कपबश्या आणल्या. ती म्हणते, फुटली तर तुमच्या राजवाड्यातून भरून घेईन.

९ एप्रिल

कमानीच्या भेगेवर खळीने कागदाची पट्टी चिकटवली होती, भेग जुनीच आहे, वाढत नाही हे लोकांना दाखवायला. सकाळी पट्टी फाटलेली. वारा असेल. दुसरी लावली.

१० एप्रिल

दुसरीही फाटली. मधला दगड बोटभर खाली आलाय.

धर्माला नेऊन दाखवलं. त्याने वर बघितलं. मग म्हणाला, कौल मिळाल्यावर आम्ही रस्ता बदलत नाही. "घरधनी नको म्हनला तरच देव फिरतो. पन मग मान गेला, अण्णा. परत न्हाय. जागा ओसाडच धरायची."

म्हटलं, आणि दगड पडला तर?

"पुढं मीच हाय ना."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं! रात्र झाली तरी ते वाक्य मला खातंय.

११ एप्रिल

ओटी सारवली. केसर कोपऱ्यापासून सुरू करायची, मी मधूनच केली. कपबश्या पुसून ठेवल्या. कविता म्हणावीशी वाटली नाही.

१२ एप्रिल

ढोल कमानीपाशी आले. बाहेर जाऊन मध्येच उभा राहिलो, हात जोडले. धर्मा थांबला. मी म्हटलं, "देवा, माघारी फिरा. या घरात आता कुणी राहत नाही."

पालखी फिरली.