मंदाकाकूंच्या तळव्यावरचं लिंबू

नगर, रविवार, संध्याकाळ

लिंबू कापलं! काकूंच्या तळव्याला ओरखडासुद्धा नाही. मी त्यांचा हात दोनदा धुऊन पाहिला, तरी लिहिताना पुन्हा वाटतंय, नक्की नाही ना?

आमच्या आखाड्याचा जुना रिवाज आहे. परक्याच्या तळव्यावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापेल, त्यानेच पुढे शिकवायचं. मी आजवर फक्त अब्बांच्याच तळव्यावर कापलेलं. "पोरीला हात कोण देणार रे?" म्हणून चाचा हसले. तेवढ्यात शेजारच्या मंदाकाकू पदर खोचून पुढे आल्या. त्यांच्या रूपालीला माझ्याकडे शिकायचंय.

"जपून गं सलमा, रातच्या भाकरी थापायच्यात अजून."

पण त्यांचा तळवा थरथरत होता. अब्बांचा कधीच हलत नाही. मी पट्टा खाली घेतला. "घाबरली," चाचा म्हणाले. घाबरले होतेच. तरी काकूंना म्हटलं, "श्वास सोडा." त्यांनी सोडला, हात थांबला आणि पट्टा फिरला. दोन फाका!

खेळ संपला की उस्तादाला पाणी शागीर्दाने द्यायचं. इतकी वर्षं अब्बांना मीच दिलं. आज सगळ्यांसमोर तांब्या घेऊन अब्बा माझ्याकडे आले.

"घ्या, उस्ताद."