तिसऱ्या कडव्यातली खरखर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लाँड्रीत तुला इस्त्रीच्या यंत्रावरून काढून घड्यांच्या टेबलावर बसवलं, हे फार बरं झालं. वाफेपासून लांब राहिलीस तर घशाला आराम पडेल. फोन करावा असं रोज मनात येतं, पण तुझं कुजबुजणं फोनवर ऐकू येत नाही आणि मग मीच ओरडत बसतो, जणू बहिरी तू आहेस. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की बँडची रेकॉर्ड निघतेय! कंपनीचे साहेब दोनदा हॉलवर येऊन ऐकून गेले. म्हणाले, सगळ्यांच्या तोंडपाठ असलेली सोल आणि पॉप गाणी तुम्ही रेगेच्या ठेक्यात वाजवता तेव्हा शेजारचाच माणूस नवे कपडे घालून दारात उभा राहिल्यासारखं वाटतं. आणि त्यांना सगळ्यात आधी हवंय ते निरोपाचं गाणं. म्हणजे तुझंच. मूळ गाण्यात तो गायक व्हायोलिनच्या ताफ्यासकट धाय मोकलून रडतो. तू म्हणाली होतीस, घर सोडणारी बाई रडत नाही, चालते. बास गिटार तिच्या पावलांवर वाजव आणि साध्या गिटारचा टोला ठोक्यावर नको, दोन ठोक्यांच्या मधे पडू दे. आठ वर्षं झाली, अजून लोक त्याच गाण्याला उठून उभे राहतात.

आता ते तुझी भावजय गाणार. पण तिला ते बसत नाहीये. तिसरं कडवं आलं की गाडी चुकल्यासारखी पळत सुटते. तुझ्या ऑपरेशनच्या आधी आपण घरी तालमीला केलेली ती स्पूलची फीत पाठवशील का? ऐकून ऐकून शिकेल.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मी शेफारेन.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्डची बातमी वाचून मी घड्या घालणाऱ्या चौघींना खुणेनेच सांगितलं. आमच्याकडे यंत्रांच्या गोंगाटात सगळ्याच मुक्या, त्यामुळे माझं काही अडत नाही. चौघींनी हॉटेलच्या चादरी झेंड्यासारख्या हलवल्या. मुकादमीण धावत आली, तिला वाटलं आग लागली.

फीत पाठवते आहे. जुन्या अभ्र्यात गुंडाळली आहे, डब्याबाहेर फितीचं टोक आलं असेल, तर सांभाळून उघड. डावीकडे तुझा बास, उजवीकडे माझा आवाज. तिसऱ्या कडव्यात घसा खरखरतो. तेव्हा आपण म्हटलं होतं, वा, काय दर्द आहे! ती गाठ होती हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर बाकीचंही गेलं. म्हणून सांगते, माझा आवाज म्हणून जगात एवढीच एक फीत उरली आहे. मी ती वर्षातून एकदा लावते, वाढदिवसाला. शिकवून झालं की पहिल्या टपालाने परत पाठव.

आणि भावजयीला सांग, माझी नक्कल नको. तिने तिच्या दमाने गावं. तू तिच्यावर डाफरू नकोस. लहानपणी मी तुला ठेका शिकवताना टेबलाखाली तुझा पाय दाबून धरायचे, ओरडायचे नाही, हे आठव.

दोघांना मायेने पाठीवर हात.

ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. स्टुडिओत दिवस कुठे उगवतो आणि कुठे मावळतो कळत नाही.

रेकॉर्ड निघाली. कव्हरवर तुझी भावजय आहे, पिवळ्या भिंतीपुढे उभी. निरोपाचं गाणं रेडिओवर दिवसातून चारदा लागतं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बसमध्ये, जिथे जावं तिथे तेच. लोक तिच्या आवाजावर खुळे झालेत. तिसऱ्या कडव्यातल्या खरखरीवर तर पेपरात अर्धा रकाना आलाय.

तुझी फीत सांभाळून ठेवली आहे, सवडीने पाठवतो. रेकॉर्डच्या प्रती अजून हातात आल्या नाहीत, आल्या की पहिली तुला. तोवर मुद्दाम विकत घेऊ नकोस.

कामाची घाई आहे म्हणून थोडक्यात आवरतो. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा


९ मे

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

काल दुपारी लाँड्रीतल्या रेडिओवर ते गाणं लागलं. पहिली ओळ झाली आणि शेजारची नाचायलाच लागली. मी उशीचा अभ्रा हातात धरून उभी. मला वाटलं, पोरगी माझ्यासारखीच गाते की. दुसऱ्या ओळीला वाटलं, फारच माझ्यासारखी गाते. मग तिसरं कडवं आलं.

माणसाला स्वतःचा आजार ओळखता येतो रे. ऑपरेशनच्या आधी सहा महिने मी तो गिळत होते.

गाणं संपलं तेव्हा निवेदकाने तुझ्या बायकोचं नाव घेतलं. चौघींनी विचारलं, काय झालं, रडतेस का. मी सांगायला गेले की तो आवाज माझा आहे. यंत्र चालू होतं, माझ्या घशातून नुसती हवा आली. एकीला ओठांवरून समजलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरीला खूण केली, की बिचारीला अजून तसं वाटतं. घुम्या, मला वेड्यात काढलं. तुझ्यामुळे.

संध्याकाळी जाऊन मी रेकॉर्ड विकत घेतली. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं आहेत. मूळ गाणं लिहिणाऱ्याचं आहे, ड्रमवाल्याचं आहे, फोटो काढणाऱ्याचं आहे. माझं शोधायला मी चष्मा पुसला. दोनदा पुसला.

तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे. पण तू विचारलंच नाहीस. आणि एप्रिलच्या पत्रात त्याच खरखरीचं कौतुक मलाच लिहून कळवलंस, तेव्हा तुझं पेन कसं अडलं नाही?

फीत ताबडतोब पाठव.

ताई


१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर बासला हात लावला नाही.

खोटं बोललो, कबूल. हिने स्टुडिओत अकरा वेळा गाऊन पाहिलं. चांगलंच गायली, पण साहेबांच्या मनात भरेना. तुझी फीत मी नुसती ऐकवायला लावली होती. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, हाच आवाज पाहिजे. मी सांगितलं, या बाईंचा आवाज गेला, त्या स्टेजवर येऊ शकत नाहीत. ते म्हणाले, मग चेहरा दुसरा घ्या. आठ वर्षं हॉलमधून हॉलमध्ये गाडीत सामान चढवतोय गं मी. पुन्हा असं दार उघडलं नसतं.

तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणशील याची भीती वाटली. आणि खरं सांगू? आपण जन्मभर दुसऱ्यांचीच गाणी उचलून गायलो. तेव्हा कुणाला विचारायला गेलो होतो?

फितीबद्दल सांगायला जीभ रेटत नाही. ठेका जुळवायला ती जागोजागी कापावी लागली. तुकडे खाली पडले होते, ते कुणीतरी झाडून टाकले. मी दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो होतो, शपथ.

एकच मागतो. हिला मी सांगितलंय, की ताईने आनंदाने परवानगी दिली. हिला काही लिहू नकोस. महिनाअखेरीला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, सगळं त्यावर आहे. नंतर तू सांगशील ती शिक्षा.

तुझ्या मायेला आता मी पात्र नाही, तरी मागतो.

धाकटा


२४ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हांला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि ती अशी यावी. ह्यांच्या बासच्या पेटीत तारा शोधत होते, तर तुमचं ९ तारखेचं पत्र हाती लागलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. वाचलं.

ताई, मला ह्यांनी सांगितलं होतं, की तुम्हीच हट्ट धरलात. तुमचा आवाज एकदा तरी जगाने ऐकावा, आणि तुमचं नाव मात्र कुठे येऊ नये, अशी तुमची इच्छा आहे. मी किती वेळा म्हटलं, ताईंना दोन ओळी लिहून आभार मानते. हे म्हणायचे, नको, ती हळवी होईल. मला ते खरं वाटलं. तुमच्या मोठेपणापुढे मी मनात हात जोडत होते.

अकरा वेळा मी गायले होते. अकरावी वेळ चांगली झाली होती, ड्रमवालेही म्हणाले. माझ्या स्वतःच्या रेकॉर्डवर मी कुठेच नाही, फक्त भिंतीपुढे उभी आहे. रस्त्यात लोक थांबवून म्हणतात, ती खरखर एकदा काढून दाखवा ना. मी घसा दुखतोय म्हणून सांगते. कुणाच्या दुखण्याची मी नक्कल करत होते, हे मला परवा कळलं.

शनिवारी कार्यक्रम आहे. मागून रेकॉर्ड वाजणार आणि मी नुसते ओठ हलवायचे, असं ठरलंय. मी ओठ हलवणार नाही. तुम्ही परवानगी द्यावी म्हणून लिहीत नाही, तुम्हांला आधी कळावं म्हणून लिहिते.

मला फारसं ओळखत नसलात तरी मनातून टाकू नका.

तुमची,
भावजय


२० जून

चि. घुम्यास,
आशीर्वाद. मोठी आहे म्हणून हात लिहून जातो.

कार्यक्रमानंतरची तुझी दोन्ही पत्रं मिळाली. एक रागाचं, एक रडण्याचं. दोन्हींना मिळून हे एक उत्तर.

तुझी बायको इथे आहे. आठ दिवसांसाठी आली होती, आता तिसरा आठवडा आहे. मी तिला बोलावलं नव्हतं आणि जा असंही म्हणणार नाही. त्या शनिवारचं सगळं मी तिच्याकडूनच ऐकलं. तिने मधेच हात वर करून रेकॉर्ड थांबवायला लावली. माइकवर सांगितलं, की हा आवाज माझ्या नणंदेचा आहे, तिला न विचारता घेतलाय. शिट्ट्या झाल्या, पुढच्या रांगा उठल्या. मग ती तिच्या आवाजात गायली. ड्रमवाल्याने ठेका धरला, गिटारवाल्याने धरला. तू बास खाली ठेवलास आणि विंगेत निघून गेलास. तुझ्या पत्रात नेमकं हेच नाही. तुझ्या पत्रात आहे, की बायकोने तोंडघशी पाडलं, साहेबांनी दार लावून घेतलं, बँड मोडला. लबाडी तू केलीस ती उघडी पाडायला तिला उभं राहावं लागलं, आणि त्या वेळीही तू तिच्या पायांखाली बास धरला नाहीस.

तू विचारलं होतंस, दुसऱ्यांची गाणी आपण कुणाला विचारून गायलो. नव्हतं विचारलं. पण दर वेळी गाण्याआधी तू माइकवर जाऊन सांगायचास, हे गाणं अमक्याचं, आम्ही त्याला आमच्या चालीने चालवतो. सांगायला विसरलास तर मी पाठीत कोपर मारायचे. लोक मूळ गायकाला आठवून हसायचे, मग नाचायचे. त्यात चोरी नव्हती रे, पाहुणचार होता. माझ्या वेळी तू माइकवर गेलाच नाहीस.

कंपनीने नव्या छपाईत माझं नाव घालू असं कळवलं आहे. घालोत. चौघींना मी वही काढून सगळं लिहून दाखवलं. मला वेडी समजलेली ती दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हती, मग तिने माझ्या वाटच्या घड्या घालून टाकल्या. तिचं मन मोकळं झालं. माझं अजून झालेलं नाही. कापलेल्या फितीचा विचार आला की हातातलं काम थांबतं. तू सातवीत असताना ताप चढला होता, तेव्हा मी तीन दिवस गाऊन गाऊन तुला झोपवलं. तो आवाज तू झाडूखाली जाऊ दिलास.

येत्या रविवारी येतो म्हणतोस. ये. तुझ्या बायकोलाही विचारलं, ती म्हणाली तुमचं घर, तुम्ही ठरवा. पण नेहमीसारखी जिन्यातून ताई, ताई अशी हाक मारत येऊ नकोस. मला आतून ओ देता येत नाही, हे तू दर वेळी विसरतोस. बेल वाजव आणि उभा राहा. मी दाराच्या आत उभी असेन. कडीला हात कधी लावायचा ते मला तिथे उभं राहिल्यावर कळेल. तोवर थांबायची तयारी असेल तरच ये.

तुझी,
ताई